साय की शिंपला?

मी भिंत बोलतेय! मागच्या खोलीतली, खिडकीसमोरची. वीस वर्षं गप्प बसले, पण आता अगदी डोक्यावरून पाणी गेलंय.

ही खोली आजींची. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या आणि इकडे मुलाने खोली रंगवायला काढली. मला खरवडलं, पुट्टी भरली, घासली. आजी टेकून बसायच्या तिथला डोक्याच्या तेलाचा डागही गेला. मग रंगाऱ्याने माझ्यावर दोन पट्टे मारले. डावीकडे ‘साय’, उजवीकडे ‘शिंपला’. दोन्ही पांढरेच! आणि तिथेच घोडं अडलं.

मुलगा म्हणे, “साय बरी.”

सून म्हणे, “अहो, संध्याकाळी बघा. कावीळ झाल्यासारखी दिसते!”

पडदा सारून बघितलं, पडदा ओढून बघितलं, दिवा लावून बघितलं. सोफ्याची उशी आणून मला चिकटवली. सुनेने आपल्या मावशीला फोटो पाठवला, तर तिने विचारलं, “दुसरा रंग कुठाय?” रंगारी तर वैतागून म्हणाला, “वहिनी, कपाट लावलं की भिंत दिसणारे कुठे?” मला हात असते तर जोडले असते त्याला.

तीन आठवडे हेच. रोज दुपारी आजींचा फोन. “झाला का रे रंग? मी पिशवी भरून बसलेय.”

“होतोय आई. जरा वास जाऊ दे.”

कसला डोंबलाचा वास? रंगाचे डबेच आले नव्हते! रंग ठरत नाहीये की आजींना आणायचंच ठरत नाहीये, असं एकदा मनात आलं आणि मीच चरकले.

काल आजी न कळवता आल्या. एकट्याच, पिशवी घेऊन. मुलाची धांदल उडाली. “आई, आता तूच सांग. साय की शिंपला?”

एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. आजींनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

“या डोळ्याने दोन्ही पिवळे, त्या डोळ्याने दोन्ही पांढरे,” त्या म्हणाल्या. मग खोलीभर नजर फिरवली. “माझी खाट कुठंय?”

खाट तीन आठवडे गॅलरीत उभी होती. मुलगा खाली मान घालून ती आणायला गेला. सुनेने सोफ्याची उशी आणली आणि सासूच्या पाठीशी ठेवली.

आता आजी मला टेकून बसल्यात. दोन पट्ट्यांच्या मधोमध तेलाचा ठिपका उमटायला लागलाय. साय लावा नाहीतर शिंपला, नाहीतर काहीच लावू नका. पण आजींना इथून उठवायचं नाही. सांगून ठेवते!