कुई-मोईचा परवाना

नाव?

"याउ कुई-मोई."

"पुन्हा."

"याउ कुई-मोई!"

"ओरडू नकोस. आणि खांदे पाड. परेडला उभी आहेस का?"

लान-यिन चुलीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसून पोलीस झाली होती. समोर तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी स्यू-फुंग, वय एकोणीस, हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर करून उभी. खाडीपलीकडं, सरहद्दीच्या त्या बाजूला, शाळेत, शेतावर, सभेत, सगळीकडं असंच उभं राहायला शिकवलेलं. नाव विचारलं की छाती आपोआप पुढं यायची.

"इकडं पोलिसासमोर असं कुणी उभं राहत नाही," लान-यिन म्हणाली. "इकडं सगळ्यांना त्याचा कंटाळा आलेला असतो. रोज तीच चौकी, तोच परवाना. तू कंटाळ."

"कशी कंटाळू मावशी? पाय कापताहेत माझे."

"पाय कापू देत. तोंडानं कंटाळ."

जन्मसाल?

स्यू-फुंगचं नाही. कुई-मोईचं.

कुई-मोई ही लान-यिनची मुलगी. तीन वर्षांपूर्वी ती विलायतेला बापाकडं गेली, बाप तिथं एका खानावळीत आचारी होता. शा ताउ कोक गावातली अर्धी माणसं अशीच कुठल्या ना कुठल्या परदेशी मुदपाकखान्यात होती. गाव सरहद्दीलगतच्या बंद हद्दीत, त्यामुळं परवाना असल्याशिवाय कुणाला येता-जाता येत नसे. आणि कायमचं गाव सोडलं की परवाना चौकीवर जमा करायचा. कुई-मोईचा लान-यिननं केला नव्हता. त्यावर मुलीचा फोटो होता, एवढंच कारण. तांदळाच्या रांजणामागं तो तीन वर्षं पडून होता आणि गुरुवारपर्यंत तो तिच्या ध्यानातही नव्हता.

गुरुवारी उजाडता उजाडता डुकरांच्या गोठ्यामागं काहीतरी हललं. ती बघायला गेली तर ही पोरगी, रात्री खाडी पोहून आलेली. ओठ निळे, पोटाला फुटबॉलमधले दोन फुगे बांधलेले, आणि तळपाय असे की लान-यिननं नजर वळवली.

आता स्यू-फुंगला इथून कौलूनला पोचवायचं होतं. शहर गाठलं की तिथल्या कचेरीत ओळखपत्र मिळत असे, मग कुणी हात लावत नसे. पण शहराच्या अलीकडं, या पट्ट्यात सापडलं, की ट्रकमध्ये बसवून पुलापलीकडं परत. परत गेलेल्यांचं काय होतं ते स्यू-फुंगच्या थोरल्या भावाला माहीत होतं. तो परत गेला होता. लान-यिनच्या बहिणीनं त्याच्याबद्दल नंतर कधी चिठ्ठीत लिहिलं नाही.

शहर आणि गोठा यांच्यामध्ये एकच चौकी होती. शेक चुंग आउच्या चढावरची.

कोंबडी भाजतेस काय गं?

हा प्रश्न पोलिसाचा नव्हता. दारातून आला.

लान-यिननं नुकत्याच स्यू-फुंगच्या दोन्ही वेण्या कापून चुलीत घातल्या होत्या. फोटोतल्या कुई-मोईचे केस कानापर्यंत होते. केस जळताना एवढा वास येईल हे तिच्या डोक्यात आलं नाही. शेजारच्या वान-काकूच्या मात्र नाकात गेला.

"डुकराचं कातडं," लान-यिन दारातच उभी राहून म्हणाली. "केस जाळत होते त्याचे."

"मेलं काय डुक्कर?"

"नाही. विकत आणलेलं कातडं."

"अगं, मला सांगायचंस. मी पण घेतलं असतं थोडं." वान-काकूनं मान लांब करून आत पाहिलं. ती पन्नाशीची, विधवा, खारवलेले मासे विकणारी. गावात कुणाच्या घरी किती भांडी घासली जातात हेही तिला ठाऊक. "आणि दोन वाट्या कशाला धुतल्यास? नवरा आला की काय विलायतेहून?"

लान-यिन हसली. हसताना गालाचं कातडं कुणी मागून ओढतंय असं तिला वाटलं.

"यांच्या बहिणीची मुलगी आलीय. वु काउ थांग गावची. कालवं काढायला मदत करते म्हणाली."

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. पोलिसांसाठी ही पोरगी कुई-मोई. वान-काकूसाठी नवऱ्याची भाची, कारण कुई-मोई विलायतेत आहे हे वान-काकूला कसं माहीत नसणार? मुलीची पत्रं वाचून घेण्यासाठी लान-यिन गावच्या मास्तरांकडं जाई तेव्हा काकू बरोबर बसे. दोन थापा, दोन माणसांसाठी. त्या दोन एका जागी येता कामा नयेत, एवढं बघायचं.

पायाला काय झालं?

हा प्रश्न मात्र ते विचारणार. चौकीवर आधी परवाना बघत, मग पाय. पोहून आलेल्या माणसाचे पाय खडकांवरच्या कालवांनी फाटलेले असतात. शिंपलेच ते, सुरीसारखे.

लान-यिननं चहाच्या बियांचं तेल लावलं, फडकं बांधलं, सोडलं. जखमा भरायला महिना हवा होता आणि महिनाभर ही पोरगी लपवणं शक्य नव्हतं.

मग तिनं उलटं करायचं ठरवलं.

शनिवारी ओहोटीच्या वेळी, भर दुपारी, तिनं स्यू-फुंगच्या डोक्यावर झालरवाली टोपी घातली, काळ्या कापडाची झालर नाकापर्यंत येणारी, हातात लोखंडी आकडी दिली आणि तिला चिखलावर उतरवलं. सगळ्या बायकांमध्ये. समोर खाडीपलीकडं सैनिकांचा मनोरा, त्यात दुर्बीण. अलीकडं पोलिसांची होडी. मध्ये पंधरा-वीस बायका कंबरेत वाकून कालवं ओरबाडत होत्या. प्रत्येकीच्या बोटांना चिरा, प्रत्येकीच्या पायाला चिरा.

"मावशी, तो मनोरा आमच्याकडच्या तुकडीचा आहे," स्यू-फुंग कुजबुजली. "त्यातला एकजण मला ओळखतो."

"पाठ कर त्याच्याकडं. पाठीवरून कुणी ओळखत नाही."

हे खरं आहे की नाही तिला माहीत नव्हतं. मीठ पायात शिरलं तशी पोरगी कण्हली. लान-यिननं तिच्या पोटरीवर आकडीचा दांडा मारला. "कण्हायचं नाही. शिव्या द्यायच्या. इकडच्या बायका शिव्या देतात."

"कुणाला?"

"कालवांना!"

आणि स्यू-फुंगनं दिली. अशी काही दिली की शेजारच्या दोघी हसायला लागल्या. वान-काकू वळून बघू लागली.

"भाची बोलते म्हणायची! मला वाटलं मुकीच आहे."

"दात दुखतोय तिचा," लान-यिन म्हणाली.

"हूं," वान-काकू म्हणाली, आणि खूप वेळ टोपीच्या झालरीकडं बघत राहिली.

कुठं चाललीस?

"फानलिंगच्या बाजारात. आईबरोबर."

"काय घ्यायला?"

"बी. मोहरीच्या भाजीचं."

"छान. आता जांभई दे."

मंगळवार निवडला होता. वान-काकू सोमवारी आणि शुक्रवारी मासे घेऊन जायची, मंगळवारी कधीच नाही.

मंगळवारी सकाळी बस निघता निघता पायरीवर कुणीतरी चढलं. टोपली नव्हती, मासे नव्हते. धुतलेला सदरा घातला होता, केसाला तेल.

"सरका गं जरा," वान-काकू म्हणाली, आणि त्या दोघींच्या बरोबर मागच्या बाकावर बसली.

लान-यिनच्या हाताला घाम सुटला. परवान्याचा पुठ्ठा ओला झाला तेव्हा तिनं तो मांडीवर ठेवला. उतरावं का? उतरलं तर कारण काय सांगायचं? बस तोवर भातशेतांमधून जाऊ लागली होती.

"कुठं चाललीस काकू आज?" तिनं विचारलं.

"पोस्टात."

"कुणाला पत्र?"

"कुणाला नाही. बघायला चाललेय, पोस्ट आहे का जागेवर." आणि मग, गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "कुई-मोईचं काय आलं का गं? थंडी मानवली का पोरीला तिकडची?"

स्यू-फुंगची मान ताठ झाली. लान-यिननं तिच्या गुडघ्यावर हात दाबला.

"मानवली," ती म्हणाली. "तब्येत बरी आहे."

"असू दे बाई, असू दे."

चढ सुरू झाला. इंजीन कण्हू लागलं. लान-यिन मनातल्या मनात मोजत होती: तीन वळणं. दोन. वान-काकूनं आता चौकीवर कुई-मोईचं नाव काढलं, एकदा जरी काढलं, तरी—

परवाने काढा.

पोलीस कोवळा होता. ओठावर चार केस. तो पुढून एकेक बाक घेत आला, प्रत्येकाचा परवाना, प्रत्येकाचं तोंड.

लान-यिनचा बघितला. परत दिला.

दुसरा हातात घेतला. फोटो बघितला. स्यू-फुंगकडं बघितलं. परत फोटो.

"याउ कुई-मोई?"

नाव मोठ्यानं वाचलं गेलं. बसमध्ये कुणी हललं नाही, मागच्या बाकावरही नाही. लान-यिनला मागचा श्वास ऐकू येत होता, संथ, जेवणानंतरचा असावा तसा.

स्यू-फुंगनं खिडकीबाहेर बघत मान हलवली. खांदे पाडलेले. आणि तिनं जांभई दिली. खरी की खोटी ते लान-यिनला आयुष्यात पुढं कधी ठरवता आलं नाही.

"बारीक झालीस," पोलीस म्हणाला.

"हूं."

"चप्पल काढ."

तिनं काढली. तो वाकला. चिरा होत्या, काही लाल, काही चिखलानं काळ्या.

"कालवं?"

"हूं."

"यंदा कशी आहेत?"

हे त्यांनी घोकलं नव्हतं. नाव, जन्मसाल, घर, बाजार, बी, सगळं घोकलं होतं. यंदाची कालवं मागच्या वर्षीपेक्षा मोठी की बारकी, हे खाडीच्या या बाजूला राहणाऱ्या कुणालाही झोपेत सांगता आलं असतं. स्यू-फुंगचं तोंड किंचित उघडलं आणि उघडंच राहिलं. लान-यिनला उत्तर माहीत होतं, पण विचारलं तिला नव्हतं. बस थरथरत होती. पोलीस सरळ उभा राहिला.

"तुझ्या मिशीसारखी आहेत, साहेब," मागून वान-काकू म्हणाली. "आहेत म्हणायची, एवढंच. नीट बघावं लागतं."

बसभर हसू फुटलं. ड्रायव्हरसुद्धा वळून हसला. पोलिसाचे कान लाल झाले. त्यानं परवाना स्यू-फुंगच्या मांडीवर टाकला, वान-काकूचा न बघताच पुढं गेला, आणि मागच्या दारानं उतरला.

उतार लागेपर्यंत लान-यिन रडली नाही. मग रडणार होती, पण खांद्यावर एक तेलकट हात आला.

"वेण्या होत्या त्या," वान-काकू तिच्या कानाशी म्हणाली. "डुकराचं कातडं भाजलं की चरबीचा गोड वास येतो. माझं अर्धं आयुष्य डुकरांत गेलंय."

"काकू, तुझे उपकार—"

"उपकार राहू देत. ही उतरली की परवाना माझ्याकडं दे."

लान-यिन वळली.

"माझ्या भावाची धाकटी मुलगी," वान-काकू म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तो बारीक झाला होता, आणि लान-यिनला पहिल्यांदाच जाणवलं की ही बाईही घाबरलेली आहे, कदाचित शनिवारपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. "पौर्णिमेच्या भरतीला पलीकडून पाण्यात उतरायचं ठरलंय तिचं. पंधरा दिवस. माझ्याकडं कुणाचा परवाना नाही गं. मला मूलच नाही."

"मी तो आज जाळणार होते. तोच फोटो, तोच पोलीस. दोघी सापडू."

"मघाशी मी गप्प बसले असते तर?"

लान-यिन पुढं तोंड करून बसली.

फानलिंगला स्टेशनच्या पायऱ्यांशी स्यू-फुंगनं परवाना लान-यिनच्या हातात ठेवला. तिला मावशीला मिठी मारायची होती. लान-यिननं मारू दिली नाही, लोक होते. "शहरातल्या कचेरीत खरं नाव सांग," एवढंच म्हणाली. पोरगी गाडीत चढली. गाडी गेली. वान-काकू पोस्टात गेलीच नाही. ती बाकावर बसून संत्री सोलत होती.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. कुई-मोईचा परवाना लान-यिनच्या सदऱ्याच्या आत होता. ती ठरवत होती. घरी पोचल्यावर चुलीत घालीन. हरवला म्हणून सांगीन. काकू काय करेल? सांगेल? स्वतःही अडकेल की. नाही सांगणार. घालीनच चुलीत.

चढावर बस थांबली. तोच पोलीस.

त्यानं लान-यिनचा परवाना बघितला, शेजारच्या जागेकडं बघितलं, तिथं वान-काकू होती. मग पुन्हा लान-यिनकडं.

"मुलगी कुठाय?"

सकाळी बाहेर गेलेली माणसं संध्याकाळी आत यायची. हद्दीतलं माणूस असंच मोजलं जातं; हे लान-यिनला जन्मापासून माहीत होतं, आणि तरी जाण्याचं सगळं घोकताना येण्याचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. तिनं वान-काकूकडं बघितलं. संत्र्याच्या साली मुठीत घट्ट धरून काकू समोर बघत राहिली, वाट बघत.

"फानलिंगला काम लागलंय तिला," लान-यिन म्हणाली. "तांदळाच्या पिठाच्या गिरणीत. येईल ती."

"कधी?"

"पंधरा दिवसांनी."

मुठीतल्या साली सैल झाल्या.

"येऊ दे," पोलीस म्हणाला आणि परवाना परत देत हसला, सकाळची थट्टा मनात न ठेवणारा, चांगल्या घरचा मुलगा. "मीच असतो इथं. तोंड नीट बघून ठेवलंय तिचं, आता विसरत नाही."