पिन लावलेला गळपट्टा

“ते ठेव बाजूला आणि जेव आधी,” रंगूबाई म्हणाली.

अंबूनं सुया ठेवल्या नाहीत. ताटावर बसताना तिनं विणकाम मांडीवर घेतलं, दोन्ही सुया डाव्या मुठीत धरल्या आणि उजव्या हातानं भाकरी मोडायला लागली. एका हातानं भाकरी नीट मोडत नाही. मी चतकोर भाकरी घेऊन तिच्या कालवणात कुस्करून दिली.

“मामंजी, तुमीच लाडावून ठिवलंय तिला,” रंगूबाई मला म्हणाली. त्या दिवसांत मला बोलायचाच कंटाळा आला होता.

रंगूबाई माझी सून आणि अंबू तिची मुलगी. अंबूला आठवं सरत आलं होतं. माझा मुलगा मानसिंग पलटणीत होता आणि त्याची पलटण इटलीत लढाईवर होती. मी माधवनगरच्या गिरणीत मागावर काम करायचो. घरातलं चौथं माणूस म्हणजे माझी बायको शालू. ती गणपती उठल्यावर तापानं गेली.

शालू विणायला शिकली ती लढाईमुळं. आमच्या गिरणीतले हेडक्लार्क विष्णुपंत सांगलीत राहायचे. त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई घरी बायका जमवून जवानांसाठी मोजे आणि टोप्या विणून घ्यायच्या. मानसिंग भरती झाल्यावर शालूही तिथं जायला लागली. सुया मिळत नव्हत्या, म्हणून मी तिला सायकलच्या तारांच्या सुया करून दिल्या. टोकं कानशीनं घासली आणि मागच्या बाजूला लाकडाच्या गुंड्या ठोकल्या. एवढाच माझा त्यातला वाटा. ती विणायची तेव्हा मी समोर तंबाखू मळत बसायचो, पण तिचे हात काय करतात ते कधी निरखून बघितलं नाही.

मानसिंग रजेवर आला तेव्हा त्यानं कोपरावर फाटलेला एक खाकी स्वेटर घरी टाकला होता. शालूनं तो उसवला. लोकर धुतली आणि ओली असतानाच पाटाला गुंडाळून वाळवली, म्हणजे तिचे वळ जातात. त्या लोकरीचा तिनं माझ्यासाठी गळपट्टा विणायला घातला. पहिल्या पाळीला अंधारात निघावं लागतं आणि थंडीत माझा घसा धरतो. वीतभर विणून झाल्यावर तिच्या मनात आलं की पुढचं अंबूनं विणावं. समोर बसवलं की पोरीला सगळं उलटं दिसायचं. मग शालूनं तिला पाठमोरी मांडीत घेतलं आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवून शिकवलं. टाके सुटत, शालू पुन्हा उचलून देई. आठवड्याभरात पोरीचा हात चालायला लागला.

मग शालूला ताप आला. मिरजेच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. शालूला गाडीत निजवलं तेव्हा अंबू चाकापाशी सुया घेऊन उभी होती. तिनं विचारलं की हे संपलं म्हणजे काय करायचं.

शालू म्हणाली, “इनत ऱ्हा. बंद कसं करायचं ते मी आले की दावते.”

ती आली नाही. तिला घरी आणली ती तशीच. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरवा चुडा भरला. तेव्हा जुन्या बांगड्यांत अडकवलेल्या दोन पिना निघाल्या. काटा काढायला, पदराला लावायला बायका ठेवतात तशा. रंगूबाईनं एक आपल्या बांगडीत अडकवली. दुसरी अंबूनं उचलून पोलक्याला लावली. तिला कुणी काही म्हटलं नाही.

तेव्हापासून अंबू विणत होती. शाळेत नेऊ देत नाहीत म्हणून तेवढा वेळ विणकाम कोनाड्यात राहायचं. बाकी दाराशी, चुलीपुढं, परसात, कुठंही ती बसली की सुया चालू. गळपट्टा माझ्या कमरेच्या खाली गेला तेव्हा मी गिरणीत सहज बोलून गेलो. शेजारच्या मागावरच्या ज्ञानूला ते पुरलं.

“जोतीरामदा, नात काय सांगलीपत्तुर इनतीया व्हय?” तो म्हणाला. “तसं आसंल तर रस्त्यावर हातरू. चालायला बरं पडंल.”

सगळे हसले. मीही हसलो. शालू गेल्यावर ज्ञानूनं माझ्याशी केलेली ती पहिली थट्टा होती, आणि मला ती बरीच वाटली.

मग माझ्या ध्यानात आलं की गळपट्टा वाढत नाही. पोर रोज विणते आणि तो आहे तिथंच आहे. एका संध्याकाळी मी परसात गेलो, तर अंबू जळणाच्या ढिगाआड बसून दिवसभर विणलेलं उसवत होती. उसवलेली लोकर गुंड्याला गुंडाळत होती. गुंडा लिंबाएवढा राहिला होता. मला बघून ती थांबली, पण दडवायला गेली नाही.

मी शेजारी बसलो आणि लोकर हातात घेतली. आयुष्य सुतात गेलं, तेवढं मला बोटांना कळतं. पुन्हा पुन्हा विणून आणि उसवून लोकर पिंजली होती. मधे मधे एवढी बारीक झाली होती की आणखी दोन वेळा ओढली असती तर तुटली असती.

रंगूबाईला मी हे सांगितलं. ती म्हणाली की पोर झोपेतसुद्धा बोटं हलवते, आणि शेजारणी आता विचारायला लागल्यात. तिचंही खरं होतं. मानसिंगचं पत्र नाही, सासू गेली, सासरा बोलत नाही आणि पोर हे असं. मी ठरवलं की या कामाचा शेवट आपणच करायचा. कापड मागावरून कसं उतरवायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

सुट्टीच्या दिवशी मायलेकी धुणं घेऊन ओढ्याला गेल्या. मी कोनाड्यातून गळपट्टा काढला. मागावरचं कापड उतरवताना ताण्याचे उभे धागे कापतात, दशा राहतात, त्यांना गाठी मारल्या की झालं. कापड हलत नाही. त्याच हिशेबानं मी सुई सरळ ओढून काढली आणि गाठी मारायला कड धरली.

गाठ मारायला तिथं काहीच नव्हतं. नुसते फासे होते, एकाशेजारी एक. मी एक फासा ओढून बघितला. तो सुटला, त्याच्या खालचा सुटला, मग त्याच्याही खालचा. मधोमध शिडीसारखी फट पडत निघाली. विणकाम म्हणजे सगळा एकच धागा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. खाली, पार शेवटाला, शालूची वीतभर वीण होती. घट्ट आणि सारखी, अंबूच्या विणीपासून लगेच वेगळी दिसायची. फट त्याच बाजूला चालली होती.

मी सुटणाऱ्या फाशावर अंगठा दाबून धरला. हात हलवला तर तो आणखी सुटेल म्हणून तसाच बसलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. माझा अंगठा बधिर झाला. बाहेर बादली खाली ठेवल्याचा आवाज आला तरी मी उठलो नाही.

अंबू आत आली. तिनं जमिनीवर पडलेली सुई बघितली, मग माझा हात बघितला. ती रडली नाही. पोलक्याची पिन काढली, माझ्यासमोर बसली, अंगठ्याखाली पिनेचं टोक घातलं आणि तो फासा पिनेत पकडला. पिन बंद केल्यावर म्हणाली, “सोडा आता, आबा.”

मी हात काढला. फासा जागच्या जागी राहिला. तिनं वरचे फासे एक एक करून सुईवर घ्यायला सुरुवात केली. रंगूबाई दारात ओले कपडे खांद्यावर घेऊन उभी होती.

मी म्हणालो, “अंबू, आजी येनार न्हाई.”

घरात हे तोवर कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मीही नाही.

“मला ठावं हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “मी काय ल्हान हाय व्हय? पर ती म्हनली मी दावते. मग दुसऱ्या कुनी दावलं तर तिला कसं वाटंल?”

रंगूबाई कपडे तसेच घेऊन परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

थोड्या वेळानं मी अंबूला म्हणालो की फट तर भरायला पाहिजे, ती तरी कुणाकडून भरून घेऊ. बंद करायचं का नाही ते मग तू ठरव. ती तयार झाली. आम्ही दोघं सांगलीला चालत निघालो. गळपट्टा तिनं धुतलेल्या पंच्यात बांधून छातीशी धरला होता. वाटेत उसाच्या गाड्या चालल्या होत्या. एका गाडीवाल्यानं तिला कांडं दिलं, पण हात मोकळे नाहीत म्हणून तिनं ते मला धरायला लावलं.

चारुशीलाबाईंच्या घरी मी शालूबरोबर कधी गेलो नव्हतो. बाईंनी मला ओळखलं नाही. माझं आणि शालूचं नाव सांगितल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “जोतीराम, आत या. शालूबाईंचं मला फार उशिरा कळलं हो.” त्यांनी आम्हाला सोप्यावर बसवलं आणि अंबूच्या हातात लाडू दिला. मग पंचा उघडला. त्यांनी गळपट्टा मांडीवर पसरला आणि खालच्या टोकावरून हात फिरवला. “ही त्यांची वीण,” त्या म्हणाल्या.

फट भरायला त्यांना फार वेळ लागला नाही. सुटलेला एक एक फासा त्या सुईच्या टोकानं उचलून वर आणत गेल्या, अंबू त्यांच्या हातांवर डोळे लावून बसली. शेवटी पिन सुटी झाली. बाईंनी ती परत अंबूच्या हातात ठेवली आणि विचारलं, हे अजून बंद का केलं नाहीस?

मीच सांगितलं. गाडी, चाकापाशी उभी असलेली पोर, शालूचं बोलणं. सांगता सांगता मधेच उसाचं कांडं खाली ठेवायला म्हणून मी वाकलो.

बाई अंबूला म्हणाल्या, “अगं, तुझ्या आजीला बंद करता यायचं नाही.”

अंबूनं मान वर केली.

“खरंच सांगते. बाकी सगळं छान. पण बंद करायला बसल्या की त्यांचा हात इतका आवळायचा, की मोजा पायातच जायचा नाही. मी एकदा चिडवलं की हा मोजा जवानाला का बाहुलीला? तेव्हापासून शेवट आला की काम माझ्यापुढं टाकायच्या. म्हणायच्या, घ्या, तुमी मिटवा, माझ्यानं सैल सुटत न्हाई.”

“आज्जीला येत नव्हतं?” अंबूनं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मानसिंगएवढा मुलगा झाला, सून आली, एका चुलीवर सगळं आयुष्य गेलं, आणि मला हे माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. अंबू हसायला लागली. शालू गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. तोंडातला लाडू सांडला, तो तिनं जमिनीवरून वेचून खाल्ला.

“मग मला हितंच आनलं आसतं तिनं,” ती म्हणाली.

“इथंच आणलं असतं,” बाई म्हणाल्या. “आणखी कुठं नेणार?”

अंबूनं थोडा विचार केला. मग हात परकराला पुसले आणि बाईंना म्हणाली, “दावा.”

बाईंनी तिला शेजारी घेतलं. दोन टाके विणायचे, मागचा पुढच्यावरून उचलून टाकायचा, एक राहतो, मग पुढचा विणायचा, पुन्हा तसंच. सैल, आणखी सैल, असं त्या सांगत होत्या. मी या वेळी मात्र बघत होतो. सुईवरचे टाके कमी होत गेले आणि कडेला साखळीसारखी वीण पडत गेली. लोकर बारीक झाली होती तिथं अंबू जपून ओढत होती. ती तुटली नाही.

शेवटचा एक टाका राहिला. बाईंनी कात्री पुढं केली आणि म्हणाल्या की धागा कापून या फाशातून ओढ, की झालं.

अंबूनं कात्री घेतली नाही. सुई काढली आणि त्या टाक्यात आजीची पिन घालून लावली. उरलेली लोकर पिनेभोवती गुंडाळली.

“ह्यो ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, असू दे.

परत येताना तिचे हात मोकळे होते. ऊस सोलून खात ती माझ्यापुढं चालत होती.

दुसऱ्या दिवशी मला पहिली पाळी होती. गळपट्ट्याचे गळ्याभोवती दोन वेढे बसले, तरी टोकं पोटापर्यंत आली. पिन गार लागत होती. गिरणीच्या दारात हजेरीला उभे होतो तेव्हा ज्ञानूनं गळपट्टा हातात घेऊन बघितला. थट्टा केली नाही. “पिन ऱ्हायलीया की,” तो म्हणाला. “काढू?”

“नगं,” मी म्हणालो. “काम बाकी हाय.”

भोंगा झाला. मागाजवळ लोंबतं काही घालून जाता येत नाही, यंत्राच्या पट्ट्यात अडकतं. मी गळपट्टा काढला, घडी घातली, खुंटीवर ठेवला. पिन नीट लागली आहे ना ते चाचपून बघितलं आणि माग सुरू केला.