मुठीत असून न सापडलेली किल्ली

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीची जुनी किल्ली आहे. किल्ली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दाते असलेली लोखंडी पट्टी आली असेल, तर ती मी नव्हे. मी काळी, गुळगुळीत, काडेपेटीएवढी आहे. माझ्या पोटात नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. मला कुठे खुपसायचं नाही की फिरवायचं नाही. मी नुसती खिशात असले तरी गाडी मला ओळखते. मग बटण दाबायचं आणि निघायचं. काम इतकं सोपं, तरी त्यात माझी अशी काही गंमत झाली की विचारू नका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी एकटी नव्हते. अगदी माझ्याच तोंडवळ्याची एक जुळी बहीण माझ्याशेजारी डबीत होती. आम्हा दोघींना बाबांनी घरी आणलं. बाबा म्हणजे गाडीचे मालक. बायको गेल्यावर त्यांनी सगळा जीव लेकीला आणि उरलेला गाडीला लावला होता. रोज सकाळी गाडी पुसायची आणि शेवटी रुमालाच्या टोकाने मला पुसायचं, असा त्यांचा नेम होता. 'लाखात एक किल्ली आहे,' असं ते म्हणत. मला ते अगदी खरं वाटायचं.

पुढे बाबांच्या डोळ्यांना बाजूचं दिसेनासं झालं. एकदा फाटकाला गाडी घासली आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता गाडी चालवायची नाही. लेकीने हात पुढे केला. बाबांनी मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"आणि दुसरी?" तिने विचारलं.

"कुठे पडली कोण जाणे. हरवलीच म्हण," बाबा म्हणाले.

माझी सख्खी बहीण हरवली आणि मला पत्ताही नव्हता.

लेकीचं काम धावपळीचं. घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त तपासणीसाठी घ्यायचं आणि बर्फाच्या पेटीतून वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचं. मी तिच्या पिशवीत कापूस, चिकटपट्ट्या आणि सुया यांच्या गर्दीत पडून असे. माझ्या पोटातल्या सेलची आठवण कुणालाच नव्हती. बाबांचीही गत माझ्यासारखीच झाली होती. लेक निघाली की ते खिडकीशी, ती परतली तरी खिडकीशीच. दिवसभर त्यांच्याशी बोलायला घड्याळाशिवाय कुणी नव्हतं.

आणि एका सकाळी गाडी सुरूच होईना. दाराची कळ दाबून दाबून लेकीचा अंगठा दुखला, तेव्हा तिने माझ्या पोटात अडीअडचणीसाठी लपवलेली छोटी लोखंडी पाती ओढून काढली आणि ती कुलपात फिरवून कसंबसं दार उघडलं. आत बसून बटण दाबलं, तर गाडीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: किल्ली सापडत नाही. मित्रांनो, मी तिच्या मुठीत होते. मुठीतली किल्ली जिला सापडत नाही तिला काय म्हणावं?

शेजारचे काका धावत आले. बोलावल्याशिवाय येणं आणि विचारल्याशिवाय सांगणं, दोन्हींत त्यांचा हातखंडा.

"ब्रेकवर पाय होता का? बॅटरी उतरली असेल. पेट्रोल आहे ना?"

"सगळं आहे हो काका. मलाच उशीर झालाय."

काकांनी बॉनेट उघडून आत तोंड घातलं आणि काळं करून बाहेर काढलं. "किल्ली हातात आणि ही म्हणते सापडत नाही. गाडीचंच डोकं फिरलंय," असा त्यांनी निकाल दिला.

तेवढ्यात बाबा खाली आले, दार उघडून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "हं, लाव आता." तिने बटण दाबलं. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. बाबा नाहीत, तर गाडी ढिम्म. बाबा बसले की पहिल्या झटक्यात सुरू. लेकीने मेकॅनिकला घरी बोलावलं, तर बाबा आवाज ऐकायला म्हणून गाडीत जाऊन बसले. त्याने पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिलं आणि प्रत्येक वेळी गाडी शहाण्या लेकरासारखी सुरू झाली. "डॉक्टर दिसला की दुखणं पळतं, तसं आहे हे," म्हणून तो हात पुसत निघून गेला. मी रात्रंदिवस विचार करत होते. माझं काही चुकतंय का? मी आहे तीच आहे ना? मला तर काही म्हणता काही कळेना.

"तिला माणूस कळतो," बाबा म्हणायचे.

मग काय, लेक रोज बाबांना घेऊन निघू लागली. ते भल्या सकाळी दाढी करून, बूट घालून तयार. मांडीवर बर्फाची पेटी घट्ट धरायची आणि रस्ताभर बोलायचं. सुईला घाबरणाऱ्या आजीबाईंना ते स्वतःची फजिती सांगत, तोवर इकडे रक्त घेऊन झालेलंही असे. बाबांचे गाल भरले. मला कोडं सुटत नव्हतं, पण ते सुटू नये असंही वाटू लागलं होतं.

एके दिवशी बाबा वाटेत केस कापायला उतरले. गाडी चालूच होती. ते उतरताच ती काहीतरी सांगायला टूं टूं करत राहिली, पण लेकीने घाईत तिकडे लक्ष दिलं नाही. शेवटच्या घरचं रक्त घेऊन ती परतली, बटण दाबलं, आणि पुन्हा तेच. किल्ली सापडत नाही. पेटीतला बर्फ वितळत चालला होता. त्यात एका तान्ह्या बाळाचं रक्त होतं, आणि ते पुन्हा घ्यायला लागणार या विचाराने लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मेकॅनिकला फोन केला.

तो आला, मला उचललं आणि थेट त्या बटणाला टेकवलं. गाडी सुरू झाली.

"ताई, हिचा सेल कधीचा संपलाय. अशी टेकवली तरच गाडीला कळते." त्याने नवा सेल घातला आणि डोकं खाजवलं. "पण मग इतके दिवस चालू कशी होत होती? दुसरी किल्ली गाडीत असल्याशिवाय हे होणार नाही."

"दुसरी तर हरवली..." लेक म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. बाबांच्या सदऱ्याचा खिसा तिला आठवला असावा. त्यावर ते सारखा हात ठेवत. मलाही तेव्हा उमगलं. माझी बहीण हरवली नव्हती. ती रोज माझ्यापासून हातभर अंतरावर, बाबांच्या खिशात बसून माझं काम करत होती.

रक्त वेळेत पोचलं. मग लेक बाबांना आणायला गेली. केस कापून ते दुकानाबाहेर उभे होते. गाडी येताना पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"सुरू झाली? माझ्याशिवाय?"

"मेकॅनिकने दुरुस्त केली, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. घरी पोचेपर्यंत ते काचेबाहेर बघत राहिले. एक हात तेवढा खिशावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली नव्हती. "जा तू. आता माझं काय काम?" म्हणून ते खिडकीशी जाऊन बसले.

लेक दारातून मागे फिरली. मग तिने मला पिशवीतून काढलं, नखाने माझं पोट उघडलं आणि कालच घातलेला सेल काढून घेतला. मला टेबलाच्या खणात ठेवलं.

"बाबा," तिने हाक मारली, "परत रुसली हो गाडी. चला लवकर, आजीबाई वाट बघत असतील."

"मी म्हटलं नव्हतं?" बाबा म्हणाले आणि बूट शोधू लागले.

आपल्या खिशात काय आहे आणि त्याने काय होतं, हे बाबांना ठाऊक होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. लेकीनेही कधी विचारलं नाही. मी खणात पडून असते. धडधाकट असून बिनकामाची. पहिले काही दिवस राग आला, खोटं कशाला बोलू? पण सकाळी जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजतात आणि खाली गाडी सुरू होते, तेव्हा राग राहत नाही. मित्रांनो, तुमच्या किल्लीचा सेल वेळेवर बदलत जा. आणि घरात कुणी खिडकीशी बसून असेल, तर गाडी बंद पडण्याची वाट न पाहता त्याला हाक मारा.