खालच्या खाचराची माती

पिशवीतली माती आता अगदी भुकटी झाली होती. फ्रिजवर, वीजबिलांच्या शेजारी ती पारदर्शक पिशवी, तिला दोन रबरबँड, आणि चिठ्ठीवर लेकीच्या, करिष्माच्या, गोल अक्षरात ‘खालचं खाचर, जांभूळ’. भगवंतानं पाण्याची बाटली काढायला दार उघडलं की पिशवी किंचित हलायची, आणि नको म्हटलं तरी त्याची नजर तिच्याकडे जायची. फेब्रुवारीपासून पिशवी तिथेच होती. भाताचं ते खाचर मात्र मार्चमध्ये विकलं गेलं होतं.

माती तपासणीसाठी नमुना काढला त्या दिवशी त्यानंच फावडं मारलं होतं. पोरगी मोबाइल हातात धरून सांगत होती—बांधाजवळची नको पप्पा, शेण पडतं तिथली नको, खड्डा व्हीसारखा करा—आणि तो, पाणी शुद्धीकरण केंद्रातली रात्रपाळी उरकून आलेला माणूस, डोळे चोळत, हूं, हूं करत खणत होता. मग तिनं ती माती गॅलरीत सावलीला पेपरवर पसरली, खडे वेचले, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेल्याचे पुन्हा चार... मातीचे एवढे लाड त्यानं कुणाला करताना पाहिलं नव्हतं. त्याच्या आईनं, ठमाबाईनं, उभा जन्म त्याच खाचरात वाकून काढला, पण तिनंही माती कधी फ्रिजवर नेऊन ठेवली नाही. दहावीतल्या या मुलीचं मात्र सगळं ठरलेलं: अकरावीला सायन्स, त्यात क्रॉप सायन्स, मग सीईटी, मग दापोलीला कृषीची पदवी, आणि मग परत जांभूळला, आपल्या शेतात. जेवताना ती हे सांगायची आणि तो भात कालवत हूं म्हणायचा. आठवीत तिला एअर होस्टेस व्हायचं होतं, त्याआधी पोलीस. हेही जाईल, असं त्याला वाटलं होतं... वाटलं होतं, की त्यानं ऐकलंच नव्हतं?

बिल्डरचा माणूस कधीपासून खेटे घालत होता. आजूबाजूची खाचरं गेली. मधलं एकच आपलं राहिलं तर वाट कुठून, पाणी कुठून, असं सगळेच म्हणाले, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. ठमाबाईनं अंगठा उठवला आणि पुसता पुसता विचारलं, “पोरीला सांगलंस ना रं?” तो हो म्हणाला. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. परीक्षा संपली की सांगू, असं झालं. मग निकाल लागला की सांगू. निकाल असा लागला की त्या आनंदात कोण सांगणार. तिच्या शिक्षणासाठीच तर विकलं, हे वाक्य त्यानं मनातल्या मनात इतक्यांदा घोळवलं होतं की ते पार गुळगुळीत झालं होतं.

आज कॉलेजात विषय नक्की करायचे होते. बदलापूरहून निघताना ती स्कूटरवर मागे बसत म्हणाली की आतल्या रस्त्यानं जाऊ, शेत बघत बघत. तिकडे खड्डे फार आहेत, असं सांगून त्यानं गाडी मोठ्या रस्त्याला घातली आणि अंबरनाथच्या ट्रॅफिकमध्ये मुकाट्यानं अडकून राहिला. शेताला पत्र्याचं निळं कुंपण लागलं होतं. एवढंसं कुंपण लपवायला माणूस किती लांबचा वळसा घेतो.

कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्यांमधून वाट काढत ते कॉलेजात पोचले. खिडकीपलीकडच्या बाई स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की क्रॉप सायन्सला फारसं कुणी येत नाही, गुण एवढे छान आहेत तर कॉम्प्युटर सायन्स घ्यावं, त्यातली एक जागा अजून आहे, आणि एकदा नक्की झालं की दोन वर्षं बदल नाही. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “घरची शेती आहे का?”

“आहे ना,” करिष्मा म्हणाली. “जांभूळला. पप्पांची.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “बोला काका, काय करायचं?”

सांग. आत्ता सांग. नाही गं पोरी, आपली शेती नाही. मी विकली. तू पेपर लिहीत होतीस आणि मी सह्या करत होतो. तू घे कॉम्प्युटर, घे काहीही, पण माझ्या नसलेल्या जमिनीवर तुझी दोन वर्षं पेरू नकोस... शब्द तर सगळे तयार होते. मागच्या रांगेतून कुणीतरी जल्दी करो म्हणालं.

“तिला पायजे तेच द्या,” भगवंत म्हणाला.

बाई हसल्या. “नशीबवान आहेस बाळा. इथं रोज आईबाप भांडतात पोरांशी.” आणि करिष्मानं वळून त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याला तिथे उभं राहवेना.

परतताना ती मागून बोलतच होती. वर्गातल्या कुणाकुणाच्या घरी विषयांवरून कशी रडारड झाली, आणि आपल्या पप्पांनी कसं एकदाही नाही म्हटलं नाही. एकदाही नाही! तो समोरच्या टेम्पोच्या नंबरावर नजर खिळवून गाडी चालवत होता. खाचर गेल्याचं दुःख त्याला होतं, पण ते सोसण्यासारखं होतं. सगळ्या गावानं सोसलं होतं. पण पोरगी दोन वर्षं रोज त्याच्या ताटासमोर बसून आपला जन्म कसा काढायचा ते सांगत होती, आणि त्याला ती बडबड वाटली होती. नाही म्हणायला तरी आधी ऐकावं लागतं.

“पप्पा, ती पिशवीतली माती जुनी झाली,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “परत सॅम्पल काढायला लागेल. संडेला जाऊ ना शेतावर? पक्का?”

त्यानं सांगायला तोंड उघडलं.

“हूं,” तो म्हणाला. आणि तो हुंकार आज पहिल्यांदा त्याला स्वतःला ऐकू आला.