गेरूच्या रेघेपाशी नागीण

"लहानीकडे पाह्य, विनू. तू तं सांभाळून घेते." आईचा हा आवाज लहानपणापासून माझ्या कानात आहे. एका वेलाच्या दोघी आम्ही, मांडव मात्र अनुश्रीलाच. तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा आईनं स्वतःचं एक तिला दिलं. मी नर्स. दोघींच्या पट्ट्या मीच बदलल्या, अन् आतून जळत राहिले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन चार वर्षं झाली होती. शेजारच्या बीरगांवात नागीण उतरवणाऱ्या शालिग्राम महाराजांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अनुश्रीच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली होती, लाल फोडांचा पट्टा. महाराजांनी कण्यावर अन् पोटाच्या मध्यावर गेरूची रेघ ओढलेली.

"नागीणबाई, ही तुही शीव. वलांडली तं शालिग्रामाशी गाठ हाय."

तिसऱ्या दिवशी फोड रेघेशी थांबले. बाया महाराजांच्या पाया पडल्या.

"पाह्यलं, विनू?" आई म्हणाली. "एवढी शिकली तू, पण हे तुले कुठं येते?"

मी अनुश्रीची बाही सारखी करायला गेले तर डाव्या दंडावर तीन ताजे फोड होते.

"आई, हिले आत्ता भरती करू."

"महाराजांनी पाच दिवस हलवू नका म्हटलं."

गर्दीत शेजारचे नरहरकाका होते. मी म्हटलं, "काका, बंडी वर करा. मागच्या महिन्यात तुम्हाले नागीण झाली, तेव्हा रेघ कोणी ओढली?"

"कोणीच नाही. मी तं घरी पडून होतो."

त्यांचे डागही बरोबर कण्याशी संपले होते. बाया वाकून पाहू लागल्या.

"कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून राहते," मी म्हटलं. "ताकद घटली की त्याच नसेवरून वर येते. उजवीकडची नस मध्यावर संपते. महाराज रेघ ओढतात तिथं वाट आधीच सरलेली असते."

"थांबली ना पण?" महाराज हसले.

"नाही थांबली. हा दंड पाहा. परकं मूत्रपिंड टिकावं म्हणून ही प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या खाते. अशांची नागीण शीव मानत नाही, फुप्फुसात जाते, मेंदूत जाते. बायांनो, असा पट्टा उठला तं त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गेरूनं विषाणू मरत नाही."

आईनंच ऑटो थांबवला.

वाटेत अनुश्रीनं विचारलं, "दीदी, डॉक्टर के पास जाना है, ये तुझे कब समझ में आया?"

मी आईकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी. औषध तीन दिवसांच्या आत सुरू करा लागते, हेही माहीत होतं. पण आईनं मले न विचारता तुले महाराजाकडे नेलं. तिची सगळी धावपळ तुह्याचसाठी पाहून मले तुहा हेवा वाटला, अनु. म्हणून मी तीन दिवस बोलली नाही."