एक आटा जास्त

इंद्रभानच्या हाताला गावात मान होता. रिठदच्या शिवारात कुणाच्या बोअरची मोटर जळली की पहिला फोन त्यालाच यायचा. तीनशे फूट खोल लोंबकळणारी मोटर वर काढायची, दुरुस्त करून पाइपाला पाइप जोडत पुन्हा खाली सोडायची, हे त्याचं काम. त्यात एक जोड जरी ढिला राहिला तरी पाइपांसकट मोटर तळाला जाऊन बसते आणि शेतमालकाच्या तोंडाकडे बघवत नाही. ऐन उमेदीत एकदा त्याच्या हातून असं झालं होतं. त्या दिवसापासून त्यानं हाताला एक सवय लावून घेतली. पाना अडला की थांबायचं नाही, वरून आणखी एक आटा द्यायचा. पंचवीस वर्षांत दुसरी मोटर पडली नाही, त्यामुळे ही सवय कुठं नडेल असं त्याला वाटायचं काही कारणच नव्हतं.

त्याची एकुलती एक मुलगी रूपा वाशीमला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. पगार बेताचाच, पण पोरगी महा चिवट. कॉलेजात असताना एका स्पर्धेत तिनं कुणाची तरी रेसची सायकल पाहिली आणि तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं. तयार सायकल घेणं काही आवाक्यातलं नव्हतं. मग ती एकेक भाग जमवू लागली. पहिल्या वर्षी पुण्याच्या एका माणसानं वापरलेला कार्बनचा सांगाडा आणला. तो सात महिने समोरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला होता. शेजारपाजारचे लोक येऊन बघायचे आणि विचारायचे, "इंद्रभान, चाकं काय पुढच्या जन्मी येनार आहेत?" दुसऱ्या वर्षी चाकं आली. तिसऱ्या वर्षी गिअर, ब्रेक, हॅण्डल. तीन वर्षं पोरीनं नवा ड्रेस घेतला नाही, लग्नाकार्यातही जुन्याच कपड्यांत गेली. तिची आई गंगू यावरून तोंड सोडायची, पण रूपा एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायची.

यूट्यूबवर बघून बघून तिनं ती सायकल स्वतः जोडली. इंद्रभान शेजारी उकिडवा बसून राहायचा. मदत करायला त्याचे हात शिवशिवायचे, पण रूपानं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

"बाबा, तुमी याले पाना लावू नका. हे मोजून कसावं लागते."

तिच्याकडे त्यासाठी खास पाना होता. ठरलेल्या जोरावर आला की तो आपणच टिक् करायचा. इंद्रभानला त्याचं हसू यायचं. माणसाच्या मनगटापेक्षा पान्याला जास्त कळतं म्हणे!

पुढं जे झालं ते स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी. राज्याच्या संघासाठी मुलींची निवड होणार होती. वाशीमहून निघायचं, रिठदवरून रिसोडला जायचं आणि त्याच रस्त्यानं परत. पहिल्या तिघींची निवड. रूपा नंबराची चिठ्ठी आणायला वाशीमला गेली होती आणि गंगू हरभऱ्याच्या शेतात. घरात इंद्रभान आणि सायकल, दोघंच.

त्यानं सहज म्हणून पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि हॅण्डल पिळून बघितलं. जोर लावल्यावर ते केसभर हललं. उद्या पोरगी यावर बसून भन्नाट वेगानं जाणार, आणि हॅण्डल ढिलं! उतारावर हॅण्डल एकीकडे आणि चाक दुसरीकडे गेलं तर? त्याला ती डांबरावर घासत गेलेली डोळ्यांपुढं दिसली. तिला फोन करून विचारावं हे त्याला सुचलंच नाही. मोटर सोडताना तो कुणाला विचारतो?

सायकलच्या पुढच्या चिमट्याची कार्बनची नळी वर येते आणि तिच्यावर हॅण्डलची पकड दोन बोल्टांनी आवळलेली असते. त्यानं आपल्या पेटीतली चावी काढली. पहिला बोल्ट आवळला. दुसरा आवळला. चावी अडली. मग हात आपल्या सवयीनं चालला.

कट्.

आवाज बारीक होता, सुपारी फुटल्याएवढा. इंद्रभान चावी तशीच धरून बसला. मग त्यानं पुन्हा हॅण्डल पिळून बघितलं. आता ते तसूभरही हलत नव्हतं. पकड सगळीकडून न्याहाळली, कुठं चरा नव्हता. बोल्ट जागेवर बसल्याचा आवाज असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तरी चावी पेटीत टाकताना त्यानं दाराकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

संध्याकाळी जेवताना रूपा खुशीत होती. तिचे प्रशिक्षक सेवादास सर काय म्हणाले, कोणकोणत्या गावच्या मुली आल्या आहेत, सगळं सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "अकोल्याची एक पोरगी या वेळी नाई येत. मागच्या महिन्यात तिचा चिमटा मोडला. जबडा फुटला तिचा, तारेनं बांधून ठेवला आहे."

"मोडला कसा?" इंद्रभानचा घास हातातच राहिला.

"बोल्ट जास्त कसला होता कोनीतरी. लोखंड कसं, वाकते, आवाज करते, मानसाले सांगते. कार्बन काईच सांगत नाई. वरून चांगलं दिसते अन् एखाद्या खड्ड्यात कटकन तुटून जाते. अन् तडा पकडीच्या आत राह्यते, दिसतबी नाई."

"तुयी पाह्यली का मंग?" गंगूनं विचारलं.

"मायी मी मोजून कसली आहे, माय. मायाशिवाय तिले कोनी हात लावत नाई."

असं म्हणून तिनं बापाकडे बघितलं आणि हसली. त्या हसण्यानं इंद्रभानचं तोंड शिवलं गेलं. आता सांगावं, आता सांगावं, असं तो भाकरी संपेपर्यंत म्हणत होता. सांगितलं असतं तर? तिनं तिथंच पकड खोलली असती. आणि तडा निघाला असता तर एका संध्याकाळी नवी नळी कुठून आणणार होती? तीन वर्षं आणि उद्याची निवड, दोन्ही आपल्या एका आट्यानं गेलं, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? तडा नसेलही, असं त्यानं मनाला समजावलं. अर्धवट जेवून तो उठला. पान्याच्या जोराला कधी न घाबरलेला हा माणूस त्या संध्याकाळी पोरीच्या नजरेला घाबरला.

सकाळी सेवादास सरांचा टेम्पो आला. रूपानं हवा बघितली, ब्रेक दाबून बघितले. पकडीचे बोल्ट तिनं बघितले नाहीत, कशाला बघेल? ते तर तिनंच कसले होते. सायकल टेम्पोत चढवताना इंद्रभानही हात द्यायला गेला. "रूपा," तो म्हणाला.

"काय?"

"नीट जाजो."

टेम्पो गेला. फोन ती घरीच ठेवून गेली होती.

आठ वाजता तो गावच्या फाट्यावर जाऊन उभा राहिला. रस्त्याच्या कडेला बरीच माणसं जमली होती, गावची पोरगी येणार म्हणून. जय भीम, जय भीम म्हणत लोक त्याच्याजवळ येत होते, पाठीवर थाप मारत होते. त्याच्या अंगाला घाम सुटला होता. जानेवारीच्या गारठ्यात!

मग त्या आल्या. पुढं पोलिसांची गाडी, मागं पाच-सहा जणींचा घोळका, आणि त्यात दुसऱ्या नंबरला रूपा. हॅण्डलवर सगळा भार टाकून ओणवी झालेली. इंद्रभाननं थांबवायला हात वर केला. पण आजूबाजूच्या सगळ्यांनीच हात वर केले होते. ती बापाकडे बघून हसली आणि सुसाट निघून गेली. त्याचा हात वर तसाच राहिला आणि तो हालवायला लागला, बाकीच्यांसारखा.

ती दिसेनाशी झाली तेव्हा खरी भीती सुरू झाली. रिसोडपर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता. कुठं डांबर उखडलं आहे, कुठं पुलाच्या तोंडाशी खड्डा आहे, कुठं ट्रॅक्टरनं माती सांडून ठेवली आहे, एकेक जागा आठवून त्याचा जीव खालीवर होऊ लागला. प्रत्येक खड्ड्याशी त्याला तोच बारीक आवाज ऐकू यायचा. त्यानं सेवादास सरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. रस्त्यानं येणारी प्रत्येक गाडी ही तीच बातमी घेऊन येत असेल असं वाटून तो गाडीवाल्याचं तोंड निरखायचा. त्याला स्वतःची इतकी चीड आली की तिथंच आपल्या मुस्कटात मारून घ्यावी.

आणि मग त्याला तो उतार आठवला. रिसोडकडून येताना रिठदच्या अलीकडे रस्ता एकदम खाली सुटतो आणि तळाशी रस्त्यात आडवे उंचवटे आहेत. येताना मुली तिथं जीव तोडून सायकली हाकणार. जाताना वाचली म्हणून येताना वाचेल असं थोडंच आहे?

त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि उताराच्या माथ्यावर जाऊन थांबला. गळ्यातला दुपट्टा हातात घेतला.

वीस मिनिटांनी पोलिसांची गाडी गेली. मागून तिघी आल्या. या वेळी रूपा सगळ्यांत पुढं होती. इंद्रभान रस्त्याच्या कडेनं पुढं धावला, दुपट्टा हालवत, घसा फाडून ओरडत, "रूपा, थांब! थांब, माये!"

तिनं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि तिनं दोन्ही ब्रेक दाबले. त्याच क्षणी त्याला कळलं की हेही चुकलं. ब्रेक मारला की अंगाचा सगळा भार पुढं येतो, त्याच नळीवर. त्यानं डोळे मिटून घेतले. रबर घासल्याचा आवाज आला. मागच्या दोघी शिव्या देत बाजूनं निघून गेल्या. डोळे उघडले तेव्हा रूपा एक पाय जमिनीवर टेकून समोर उभी होती.

"मायले काय झालं?"

"मायले काई नाई झालं."

"मंग?"

"म्या तुया हॅण्डलचा बोल्ट कसला. कट् आवाज आला होता."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खाली उतरली, सीटमागच्या पिशवीतून चावी काढली आणि बोल्ट ढिले केले. पकड वर उचलली. काळ्या नळीवर एक पांढुरकी रेघ होती. अर्ध्याहून जास्त नळीला तिनं वेढा घातला होता. रूपानं अंगठ्यानं दाबलं. नळी आत दबली, पेरूच्या नासक्या भागासारखी.

मागचा घोळका आला आणि त्यांच्या अंगावरून उतार उतरून गेला. तिसरी, चौथी, पाचवी. रूपानं मान वर करून बघितलंही नाही.

"कवा कसला?"

"काल. दुपारी."

"काल दुपारी," ती म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मंग काल जेवताना तुमाले मालूम होतं. सकाळी टेम्पोत चढवली तवा मालूम होतं. मी फाट्यावरून गेली तवाबी मालूम होतं."

"हो."

"तुमी हात हालवला, बाबा."

त्यानं हातातला दुपट्टा पाठीमागं केला.

"काहून नाई सांगतलं? मी मेली असती."

खोटं बोलायला खूप कारणं होती. खात्री नव्हती, विसरलो, वाटलं काही नसेल. पण त्या रेघेकडे बघून त्याला एकही जमेना.

"तुयं भेव वाटलं मले," तो म्हणाला. "तू रागावशीन म्हून."

रूपा रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि तेव्हा कुठं तिचे हात कापायला लागले. आधी बोटं, मग कोपरापर्यंत. ती आपल्याच हातांकडे दुसऱ्या कुणाचे असल्यासारखी बघत होती. इंद्रभान पुढं झाला, पण तिला शिवायचं त्याचं धाडस झालं नाही. तो तसाच उभा राहिला. भीती त्याची होती, काल दुपारपासून त्यानं ती एकट्यानं वागवली होती, आणि आता ती पोरीच्या अंगात शिरताना त्याला उघड दिसत होती. सायकलीवरून पडूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणारी ही पोरगी होती.

शेवटी त्यानं गाडी चालू केली. रूपानं सुटलेलं हॅण्डल दोरीनं बांधलं, सायकल खांद्यावर अडकवली आणि मागं बसली. एका हातानं तिनं बापाचा सदरा धरला. गाडी उताराला लागली.

"हळू, बाबा," ती मागून म्हणाली.

गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती. त्यानं पहिला टाकला.