थि. अ., वय ब्याण्णव

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. ते गहू मीच उकडले होते. माझ्या हातांनी निवडले, माझ्या हातांनी वर साखर थापली आणि थापताना दोन टिपंही गाळली. आमच्या अस्प्रोनेरी गावात अजूनही कुणी खवचटपणे विषय काढतो. मी म्हणते, हो बाबा, मीच. आता पुढचंही ऐक.

चौकात चर्चसमोर माझं मिठाईचं दुकान आहे. लग्नातले साखरबदाम माझ्याकडचे, बारशातले माझ्याकडचे, आणि माणूस गेलं की त्याच्या नावाने गोड गहू वाटतात ते कोलिवाही माझ्याकडचेच. उकडलेले गहू पंच्यावर पसरून कोरडे करायचे, त्यात अक्रोड, बेदाणे, दालचिनी घालायची, वर पिठीसाखरेचा थर कागदाने दाबून गुळगुळीत करायचा आणि त्यावर चांदीच्या गोळ्यांनी गेलेल्याची अक्षरं काढायची. चारी कोपऱ्यांत मी पाच-पाच बदामांचं फूल करते. ते माझ्या आईचं फूल. या भागात दुसरं कुणी करत नाही, त्यामुळे ताट कुणाच्या दुकानातलं ते लांबून ओळखू येतं. त्याच फुलाने माझा घात केला.

माझं दुसरं काम म्हणजे थिएला. थिएला म्हणजे वादळ, आणि आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचं नाव तेच. माझा नवरा ख्रोनिस चाळीस वर्षं तिच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतोय आणि चौतीस वर्षं मी तिचे शर्ट धुतेय. मैदानाची किल्ली आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला असते. लग्न होऊन घरात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, या घरात सवत आधीपासून आहे, तिच्याशी जमवून घे. घेतलं जमवून.

थिएलाचा शर्ट जांभळा. एकोणीसशे बत्तीस साली पाच चांभार, एक शिंपी आणि शवपेट्या करणारा एक सुतार यांनी मिळून क्लब काढला. कापड आणायला कुणाकडे दमडी नव्हती, पण सुताराच्या दुकानात पेटीच्या आत लावायच्या जांभळ्या अस्तराचा तागा पडून होता. शिंप्याने त्यातून अकरा शर्ट बेतले. पहिलाच सामना नदीपलीकडच्या वाथीरेमाशी, त्यांच्या मैदानावर. आमची पोरं आत शिरताच वाथीरेमावाले ओरडले, मढी आली, मढी आली. मढ्यांनी त्यांना तीन गोल घातले. तेव्हापासून ते आम्हांला मढी म्हणतात आणि आम्हीही स्वतःला तेच म्हणवतो. मधे लढाई आली, पुराने मैदान वाहून नेलं, एका वर्षी तर खेळायला दहाच जण जमले आणि अकरावा म्हणून पत्रं वाटायला आलेल्या पोस्टमनला उभा केला. दर वेळी नदीपलीकडे बातमी जायची की गेली बाई एकदाची. दर वेळी मढं उठून बसायचं.

गेल्या वर्षी मात्र लक्षण ठीक नव्हतं. एकच सामना उरला होता, आमच्या मैदानावर, आणि समोर नेमके वाथीरेमावाले. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात राहणार आणि ते खाली जाणार. बरोबरी झाली तरी आमचा निकाल लागला. खालच्या गटात आमच्यासाठी कोण खेळणार? निम्म्या पोरांशी दुसऱ्या क्लबांचं बोलणंही झालं होतं. नगरपालिकेला त्या जागेवर गाड्या उभ्या करायच्या होत्या. ख्रोनिस जेवताना, ताटातल्या पावट्यावरची नजर न उचलता म्हणाला, की खाली गेलो तर सोमवारी किल्ली नगरपालिकेत देऊन येणार. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? पण चाळीस वर्षं रविवारी सकाळी चुन्याची बादली घेऊन निघणारा माणूस त्यानंतर उठून जाणार कुठे?

अशात गुरुवारी दुकानात फोन आला. तरुण आवाज, बोलणं अगदी आदबशीर. मावशी, वाथीरेमाहून बोलतोय, रविवारसाठी कोलिवाचं एक मोठं ताट हवं. मी म्हटलं, तुमच्या गावात मिठाईवाला मेला की काय? तर म्हणतो, आहे, पण त्याचे गहू दाताखाली कडकड वाजतात, तुमच्यासारखा हात नदीच्या अलीकडे कुणाचा नाही. झालं. माझं एवढंच दुखणं आहे, चांगलं म्हटलं की मी विरघळते. शत्रूच्या गावाहून कौतुक आलंय म्हटल्यावर तर विचारायलाच नको.

मी विचारलं, कोण गेलं? म्हणाला, आमची म्हातारी, वय ब्याण्णव. फार हाल झाले का? तो म्हणाला, वर्षभर चाललं होतं मावशी, दर रविवारी थोडी थोडी जात होती. मी विचारलं, अक्षरं कुठली काढू? तर म्हणाला, थि. अ. मी म्हटलं, थिओदोरा का? तो घोगऱ्या गळ्याने म्हणाला, हो, थिओदोराच. मला वाटलं, बिचारा आवंढा गिळतोय. मेला हसू गिळत होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, चौतीस वर्षं छातीवर थि. अ., म्हणजे थिएला अस्प्रोनेरी, लिहिलेले शर्ट धुतेस, क्लबही ब्याण्णव वर्षांचा, आणि तुला कळू नये? नाही कळलं. शर्ट दोरीवर उलटे टांगतात. ती अक्षरं मी जन्मभर डोकं खाली पाय वर अशीच वाचली आहेत.

ताट शनिवारी कुणी तरी गाडीतून घेऊन गेलं. रविवारी सकाळी मी चर्चमध्ये दोन चिठ्ठ्या दिल्या, एक जिवंतांच्या नावांची आणि एक गेलेल्यांची. पाद्री, पापा-आर्सेनिस, ती नावं मोठ्याने वाचतात. माणूस भलता कडक. बाप्तिस्म्याचंच नाव हवं, लाडाचं चालत नाही. एकदा मी ख्रोनिस लिहिलं तर चिठ्ठी परत आली, या नावाचा संत झालेला नाही, पोलिख्रोनिस लिहा. तर त्या दिवशी गेलेल्यांच्या चिठ्ठीत आईवडील, सासूसासरे यांच्याखाली मी थिओदोराही लिहिली. ब्याण्णव वर्षांची बाई, वर्षभर अंथरुणात, परक्या गावची असली म्हणून काय झालं? पापा-आर्सेनिस यांनी वाचलं, मी मेणबत्ती लावली आणि मनापासून म्हटलं, सुखाने जा गं बाई.

दुपारी चारला सामना. वाथीरेमाचे दोनशे लोक दंडाला काळ्या फिती बांधून आले. बरोबर एक लाकडी शवपेटी, तिला जांभळं फडकं. आमचे लोक हसले, असल्या गमती नेहमीच्याच. पापा-आर्सेनिस कुंपणाच्या भिंतीपाशी उभे होते. ते सामना बघत नाहीत, तिथून नुसते जात असतात, दर घरच्या सामन्याला नव्वद मिनिटं. खेळ सुरू झाला आणि आमच्या पोरांचे पाय जड. झिसिस आमचा पुढचा खेळाडू, त्याच्यावर सगळी मदार, पण तो पहाटेपासून दुधाचा टँकर चालवून थेट मैदानावर आलेला, पोटात नुसती कॉफी. विसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. मध्यंतराला शून्य-एक.

पोरं गवतावर माना टाकून बसली. तेवढ्यात त्यांच्यातला एक तरुण, पांढऱ्या कापडाने झाकलेलं काहीतरी दोन्ही हातांवर धरून, थेट आमच्या लोकांसमोर आला आणि झोकात कापड ओढलं. पांढरीशुभ्र साखर, मधे चांदीचं थि. अ., आणि चारी कोपऱ्यांत पाच-पाच बदामांचं फूल.

वाथीरेमावाले हसून लोळायला लागले. आमच्यातली एकेक मान माझ्याकडे वळली. ख्रोनिस फाटकापाशी बादली घेऊन उभा होता. त्याने ताट बघितलं, मग मला बघितलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. ज्या सवतीला चौतीस वर्षं सांभाळलं, तिचे दिवस मी माझ्या हातांनी घातले होते.

आणि मग मला राग आला. माझा राग गावाला माहीत आहे, लोकांनी वाट दिली. मी मैदानात उतरले. मनात एकच, ताट त्याच्या डोक्यावर उपडं करायचं. जवळ गेले आणि माझाच हात अडला. गहू सांडायचे नसतात. आईने हात धरून शिकवलंय.

मी ताट त्याच्या हातांतून घेतलं. त्यानेही सोडलं. सगळा आगाऊपणा संपून तो नुसता उभा राहिला.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"लांबिस."

तोच आवाज. "थिओदोरा कुठे आहे रे, लांबिस?"

त्याने गवतावर बसलेल्या आमच्या पोरांकडे बोट दाखवलं. "ही काय, मावशी."

"असं होय? मग घरचे आम्ही. आधी घरच्यांनी खायचं असतं."

ताट घेऊन मी पोरांकडे गेले. तोवर माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. गहू, अक्रोड, बेदाणे, साखर, आणि समोर उपाशी माणसं. मुठी भरभरून मी त्यांच्या ओंजळीत घालत सुटले. म्हटलं, मढ्यांनो, तुमच्याच नावाचं आहे आणि मन लावून केलंय, खा. पहिल्यांदा कुणी हात पुढे करेना. मेलेल्याचं खायचं, तेही आपल्याच नावाचं. मग झिसिसने तोंड भरलं. चावता चावता त्याला हसू फुटलं, साखर मिशीभर उडाली, म्हणाला, मावशी, मी गेल्यावर एवढं चांगलं मिळणार असेल तर आजच जातो. पोरं हसली. बाकड्यांवर कुणी तरी टाळ्यांचा ठेका धरला, मढं उठलं, पळा पळा, आणि मग सगळ्या गावाने धरला. मी ख्रोनिसपाशी गेले आणि त्याच्यासमोर मूठ धरली. त्याने माझ्याकडे न बघता चुन्याचा हात विजारीला पुसला आणि गहू घेतले.

दुसऱ्या अर्ध्या भागात काय झालं ते ख्रोनिस चांगलं सांगतो, पण तो दोन तास घेतो. पासष्टाव्या मिनिटाला झिसिसने लांबून एक फटका मारला आणि बरोबरी झाली. बरोबरी आम्हांला पुरणार नव्हती. वेळ सरत आली, मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. अगदी शेवटी कोपऱ्यातून चेंडू आला, गर्दीत कुणाला तरी लागला आणि आत गेला. झिसिस म्हणतो त्याने डोक्याने मारला. मी समोरच होते. चेंडू त्याच्या कानावर आपटला, तो तेव्हा भलतीकडेच बघत होता. पण दोन-एक ते दोन-एक.

गाव मैदानात शिरलं. ख्रोनिसच्या सकाळच्या रेघा पार तुडवल्या गेल्या, आणि एरवी रेघेवर पाय दिला तर खेकसणारा माणूस त्याच रेघांवर नाचत होता. भिंतीपाशी पापा-आर्सेनिस यांची टोपी वाकडी झाली होती.

मी ताट घेऊन निघाले तर फाटकाशी लांबिस दिसला. रिकाम्या शवपेटीवर डोकं धरून बसला होता. त्याचे लोक केव्हाच निघून गेलेले. त्यांचा क्लब खाली गेला होता. दुपारी याला झोडपायला निघालेली मी, पण तसा बसलेला पाहिला आणि मला ख्रोनिसचा सोमवार आठवला. ताटात जे उरलं होतं ते कागदी पिशवीत भरून त्याच्या हातात दिलं आणि गेलेल्याच्या घरी आपण जे म्हणतो तेच म्हटलं, तुम्हांला आयुष्य लाभो. त्याने वर बघितलं. आधी वाटलं असणार, बाई टोमणा मारतेय. मग बहुधा कळलं. एक चिमूट तोंडात टाकून त्याने डोळे पुसले.

"गहू खरंच मऊ असतात तुमचे," तो म्हणाला.

सोमवारी किल्ली खिळ्यालाच होती. दहा वाजता बघते तर नव्हती. चपला अडकवून मैदानाकडे धावले. ख्रोनिस नळी धरून गवताला पाणी घालत होता. पुढचा सामना सप्टेंबरात.

त्या आठवड्यात मी मनाशी एक हिशेब उलगडत होते. थिओदोरा नावाची कुणी बाई नव्हतीच. मग त्या रविवारी मी वाचायला दिलं ते नाव कुणाचं, मेणबत्ती लावली कुणासाठी? पुढच्या रविवारी पुन्हा दोन चिठ्ठ्या लिहिल्या. गेलेल्यांच्या चिठ्ठीत फक्त आमचे चौघे. जिवंतांच्या चिठ्ठीत सगळ्यांत वर पोलिख्रोनिस, खाली आस्पासिया, म्हणजे मी, आणि माझ्याखाली, चिठ्ठी परत येणार हे पक्कं ठाऊक असून, थिएला.

पापा-आर्सेनिस वाचत आले. पोलिख्रोनिस. आस्पासिया. मग थांबले. चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी जवळ धरली, मग चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं. मी फरशी बघत उभी राहिले. मागे कुणी तरी खोकलं.

"थिएला," त्यांनी वाचलं, इतर नावं वाचतात त्याच सुरात, आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळले.

ख्रोनिस एरवी फक्त ईस्टरला चर्चमध्ये येतो, पण त्या दिवशी आला होता. पुरुषांच्या बाजूला त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. मग झिसिसने केली, आणि मग एकेक करत त्या बाजूच्या सगळ्यांनी.